हिरामणची अंगठी आणि सोन्याच्या काड्या

सोनं पिवळं असतं असं तुम्हाला सराफानं सांगितलेलं असणार. त्याचं बरोबर आहे, पण ते मोठ्या सोन्यापुरतं. सोन्याचे अगदी बारीक कण केले की ते लाल होतं, जांभळं होतं, आणि काम नीट जमलं तर कोकमाच्या सारात शाई सांडल्यासारखं करडं-तपकिरी होतं. हे सगळे रंग मी माझ्या हातानं आणले आहेत. त्यातले निम्मे नको असताना आणले, हेही आत्ताच सांगून टाकते.

या अंकाच्या संपादकबाईंना माझे नोकरीतले अनुभव हवे होते. रुजू झाले, कायम झाले, निवृत्त झाले, एवढं लिहून मी कागद नातीला दाखवला. ती म्हणाली, "आजी, हे तर पेन्शनच्या अर्जासारखं वाटतंय." म्हणून तो फाडला. आता एका अंगठीची आणि एका कापलेल्या बोटाची गोष्ट लिहिते. त्यात मी काही फार शोभून दिसत नाही. पण अडुसष्टाव्या वर्षी शोभून दिसायचं तरी कोणासाठी.

वर्ध्याजवळच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुवायला लागले. पिपरी मेघेहून सायकलनं जायची. धुता धुता मोजमाप शिकले, द्रावणं करायला शिकले, आणि सहायक झाले. पन्नाशीला टेकले तेव्हा आमच्याकडे नव्या मॅडम आल्या आणि सोन्याच्या काड्यांचं काम सुरू झालं.

तेव्हाच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. एप्रनला खळ घालून इस्त्री करायची, आणि तो घालूनच भाजी आणायला जायची. भाजीवाली म्हणायची, "डॉक्टरीणबाई, सांभार देऊ का?" आणि ती बया, म्हणजे मी, तिला एकदाही दुरुस्त करायची नाही. उलट कोथिंबिरीची जुडी अशी उजेडाकडे धरून पाहायची, जणू त्यात जंतू शोधते आहे.

काम काय होतं ते सोपं करून सांगते. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च तळव्याखाली धरा. बोटं लाल दिसतील. म्हणजे लाल उजेड मांसातून थोडाफार पार होतो. त्या लालच्याही पलीकडचा एक उजेड असतो, डोळ्यांना जवळपास न दिसणारा. तो आणखी आत जातो आणि वाटेत फारसं काही भाजत नाही. आता अंगात एखादी वाईट गाठ आहे, आणि तिच्यात आपण सोन्याच्या बारीक काड्या पोचवल्या. इतक्या बारीक, की केसाच्या जाडीत बाजूबाजूनं हजारो मावाव्यात. या काड्या तोच उजेड गिळतात आणि तापतात. उजेड हलका, पण टिचक्या मारल्यासारखा तुटक तुटक सोडला, तर प्रत्येक टिचकीला काडी तापून किंचित फुगते आणि आवाज करते. आमच्याकडे उन्हाळ्यात घरावरचे टिनाचे पत्रे दुपारी कडकड वाजतात ना, तसाच, पण कानाला ऐकू न येणारा. तो आवाज सोनोग्राफीसारख्या यंत्रानं ऐकायचा आणि त्यावरून गाठीचं चित्र काढायचं. गाठ कुठे आहे, कुठवर आहे, ते कळतं. मग तोच उजेड सलग आणि जोरात सोडायचा. काड्या चांगल्याच तापतात आणि गाठ आतल्या आत भाजते. एकच काडी आधी दाखवते आणि नंतर जाळते. मॅडमनी हे मला पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हा मी मान डोलावली आणि घरी येऊन टॉर्चवर हात ठेवून अर्धा तास बसले.

गंमत अशी की काडी झाली तरच हे सगळं. काडीऐवजी गोल गोळी झाली, तर पाणी गुलाबी दिसतं, फार सुंदर दिसतं, आणि कामाचं काही नसतं. त्या उजेडाला गोळ्या दिसतच नाहीत.

काड्या करायला एक साबणासारखी पांढरी पूड लागते. तिचं पाणी मोठ्या बाटलीत करून ठेवायचं. थंडीत ते खोबरेल तेलासारखं थिजतं, म्हणून कोमट पाण्याच्या टबात बाटली बसवायची. त्या पाण्यात सोन्याचा क्षार, चिमूटभर चांदीचा क्षार, मग क जीवनसत्त्व. पिवळा रंग उडून पाणी स्वच्छ होतं. शेवटी विरजणासारखा बियाण्याचा एक थेंब टाकायचा, आणि भांडं न हलवता सोडून द्यायचं. हे विरजण मीच लावायची. माझ्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे मुख्यतः मी.

अशा दिवसांत तळेगावला भाचीचा साखरपुडा होता. पंगतीत कोणीतरी विचारलं, कुसुमबाई, तुमच्या तिथं काय करून राह्यले म्हणे सोन्याचं? बस, मला तेवढंच हवं होतं. वाटीतलं वरण गार होईपर्यंत मी बोलले. "आता कापाकापीचे दिवस गेले. सोन्याचं पाणी टोचा लागते, वरून लाइट मारा लागते, गाठ जागच्या जागी जळून जाते."

"दुखत नाई?"

"काईच नाई."

उंदीर हा शब्द मी काढला नाही. पंगतीत कशाला उंदीर, असं म्हटलं. हे सगळं आम्ही फक्त उंदरांवर करत होतो, हे सांगायला मी जणू विसरले. त्या पंगतीत समोरच्या ओळीत माझा मावसभाऊ हिरामण बसला होता. तळेगावच्या बाजारात त्याचं सायकल-मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. एका गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्या दिवशी तो फार हळू जेवत होता. ते मी पाहिलं, आणि बोलतच राहिले.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या काड्या बंद पडल्या. विरजण लावायचं आणि सकाळी पाहायचं, तर गुलाबी. पुन्हा लावायचं, पुन्हा गुलाबी. थंडी होती म्हणून आधी थंडीला दोष दिला. मग पाण्याला. मग पुडीच्या डब्याला. शेवटी प्रणालीला. प्रणाली म्हणजे मॅडमकडे पीएच.डी. करणारी मुलगी, अमरावतीकडची, हडकुळी आणि अबोल. वजन तीच करायची. मॅडम तिला म्हणाल्या, "तुझं लक्ष नाहीये." ती बाथरूममध्ये जाऊन आली, डोळे पुसून पुन्हा वजन करायला बसली. मी मध्ये पडून म्हणायला हवं होतं, की पोरगी चार चारदा वजन करते, मी पाहते रोज. मी म्हटलं नाही. कारण ती चुकत नसेल, तर मग कोण, हा प्रश्न पुढचाच होता.

आणि उंदीर तर थांबायला तयार नव्हते. प्राणीघरात प्रणालीचे उंदीर होते, त्यांच्या गाठी रोज वाढत होत्या. गाठ ठरावीक मापाच्या पुढे गेली की नियमानं तो उंदीर प्रयोगातून जातो. पुढचे उंदीर यायला कित्येक महिने, आणि तिची शिष्यवृत्ती त्याआधी संपणार. असे तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांच्या शेवटी एका सकाळी हिरामण आला. फाटकावरच्या माणसानं निरोप दिला, तेव्हा वाटलं लग्नाची पत्रिका असेल. मी त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं. त्यानं खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली. आत त्याच्या लग्नातली अंगठी.

"बाई, हे घे." आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. "तुमच्या इथं सोनं लागते ना. कमी पडलं त शीलाचे कानातले हायेत. ते नाई आणले, ती लय रडून राह्यली होती."

"कायले पण?"

"माह्या तोंडाले."

त्याचं तोंड दोन बोटांहून जास्त उघडत नव्हतं. मी टॉर्च धरला. गालाच्या आत पांढरं-लाल, उकरल्यासारखं. दुसऱ्या खिशात मोठ्या दवाखान्याचा कागद होता. त्यावर ऑपरेशनची तारीख होती, ती गेली होती. खाली दुसऱ्या पेनानं दुसरी तारीख होती. तीही गेली होती.

"गेला काऊन नाईस?"

"तूच त सांगतलं साखरपुड्यात, कापाकापीचे दिवस गेले मनून. मी म्हटलं, आपल्या घरची बाई तिथं हाय, मंग कायले जबडा कापून घेऊ? तू सांगशीन मनून थांबलो. तू काई सांगे ना, तवा मीच आलो."

मी म्हटलं, "हिरामण, हे अजून माणसाले देत नाई. उंदरालेच देतो."

"उंदराले मिळते, मले काऊन नाई?"

"तसं नसते ते."

"मी उंदराच्या लाइनीत उभा राह्यतो. नाव टाक माह्यं."

मी त्याला सांगितलं की ज्या साबणात काड्या बनतात तो साबण पेशींना विषारी आहे, तो पुरता काढावा लागतो, वर दुसरा लेप द्यावा लागतो. सोनं पुढे यकृतात जाऊन किती दिवस बसतं हे अजून नीट माहीत नाही. शेवटी म्हटलं, उजेड फार खोल जातही नाही.

"तोंड त बाहेरच हाय, बाई. खोल कुठं जा लागते?"

तोंडातला कर्करोग हा या कामाला योग्यच, असं मॅडम स्वतः म्हणायच्या. आणि खरं सांगते, त्या क्षणी खळ घातलेल्या एप्रनमधली ती बया पुन्हा वर आली. "मॅडमशी बोलून पाह्यते" हे शब्द माझ्या जिभेवर होते. ते बोलले असते, तर तो आणखी महिनाभर थांबला असता. मीही थांबू दिलं असतं. नाही म्हणून लहान होण्यापेक्षा बघते म्हणून मोठं राहणं मला सोपं वाटायचं.

पण हिरामणचं लक्ष उघड्या दारातून आत गेलं होतं. मांडणीवर गुलाबी नळ्या ओळीनं उभ्या होत्या.

"हे कायचं सरबत होय?"

"सरबत नाई. बिघडलेल्या काड्या. तीन हप्ते झाले, बनूनच नाई राह्यल्या."

मेकॅनिकला बिघाड दाखवला की त्याला स्वतःचं दुखणं आठवत नाही. तो खुर्चीत पुढे सरकला. "माह्याकडं गाडी बंद पडून आली त मी इंजन नाई खोलत आधी. गिऱ्हाइकाले विचारतो, बंद पडायच्या आदल्या दिवशी काय केलतं? तीन हप्त्याच्या आधी काय बदललं तुमच्याकडं?"

"काईच नाई. तेच पाणी, तीच पूड, तेच हात."

"हाताले काय झालं?"

डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला पट्टी होती. भोपळा चिरताना विळी लागली होती. हात सारखे पाण्यात, त्यामुळे जखम भरत नव्हती. म्हणून मी रोज सकाळी तिच्यावर ते तपकिरी औषध लावायची.

"कवा लागलं?"

"झाले असतील…" म्हणत मी मोजायला लागले, आणि मोजताना थांबले.

आता आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या तपकिरी औषधात आयोडीन असतं. आणि काड्यांचं आयोडीनशी वाकडं आहे. साबणाच्या पाण्यात त्याचा अंश जरी गेला, तरी काडी वाढत नाही, गोळी होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या टेबलावरच्या भिंतीला एक कागद चिकटवलेला होता: "आयोडीन अजिबात नको. एक कणही नाही." मॅडमनी सांगितलं होतं, आणि तो कागद लिहिला होता माझ्या वळणदार अक्षरात. रोज सकाळी मी त्या कागदाखाली उभी राहून बाटलीत ढवळायची चुंबकाची कांडी सोडायची. उघड्या बोटांनी. हातमोज्यात काच चिकट आहे की स्वच्छ, ते कळत नाही, असा माझा दावा होता. हाताला गुण होता ना.

मी हिरामणला सांगितलं. त्याला तोंडामुळे नीट हसता आलं नाही, पण खांदे हलले. "सापडलं पंक्चर."

मग त्यानं नळ्यांकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "बोटाच्या औषधानं एवढा घोटाळा होते बाई, अन् तुमी तीन हप्ते शोधूनच राह्यले होते. मंजे तुमची गाडी अजून दुकानातच हाय. मी चालवून पाह्यल्याबिगर गिऱ्हाइकाले गाडी देत नाई."

"नोको देऊ."

"मंग माह्या तोंडात कायले टाकतं?"

"नाईच टाकत," मी म्हटलं. "तवा पंगतीत मी खोटं बोलली, हिरामण. सगळं खोटं नाई. पण उंदीर झाकून ठेवले."

त्याला घेऊनच मी आत गेले. एकटी गेले असते, तर वाटेत मी काही तरी बरं कारण तयार केलं असतं. मॅडम आणि प्रणाली दोघी होत्या. मी पट्टी दाखवली आणि भिंतीवरचा कागद दाखवला. मॅडमनी तो कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "तीन आठवडे, कुसुमताई." एवढंच. प्रणाली ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझा हात हातात घेतला, पट्टी सोडून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, याला टाके घालायला पाहिजे होते."

त्याच दुपारी मी हिरामणला घेऊन दवाखान्यात गेले. तारीख पुन्हा मिळेपर्यंत बाकावरून हलले नाही. तिथला तरुण डॉक्टर चिडला होता, आणि चिडायला हवंच होतं. त्यानं विचारलं, "इतके दिवस कोणाचं ऐकून थांबलात?" हिरामणनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "दुकानात काम लय होतं."

निघताना त्यानं अंगठी माझ्या हातात दिली. "ऑपरेशनले अंगावर सोनं ठेवू देत नाईत. तुह्याकडं राहू दे. पण त्याच्या काड्या नोको करू."

आम्ही साबणाच्या पाण्याची ती बाटली फेकली. सोनं विरघळवणाऱ्या आम्लात कांडी, भांडी, सगळं धुतलं. प्रणालीनं विरजण लावलं, मी नाही. दुसऱ्या दिवशी ती नळी हातात घेऊन बाहेर आली, तेव्हा पाण्यात कोकमाच्या सारात सांडलेली शाई होती. ती हसते कशी ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मापाच्या आतले काही उंदीर अजून शिल्लक होते.

त्यातली एक उंदीण मला आठवते, डाव्या कानाला खाच असलेली. पडद्यावर तिची गाठ आधी नुसता राखाडी डाग होती. काड्या टोचल्यानंतर तीच गाठ कडेनं उजळली, अंधारात घराच्या फटींतून दिवा दिसावा तशी. मग प्रणालीनं जोराचा उजेड लावला. तापमान दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात तेवढा भाग पिवळा झाला, बाकी अंग निळंच राहिलं. काही दिवसांत गाठीवर खपली धरली, आणि नंतर ती खपली पडून गेली. सगळ्यांचं असं झालं नाही. दोघांच्या गाठी कडेनं परत आल्या, हेही तेवढ्याच जाड अक्षरात लिहिलं गेलं. ते मीच लिहायला सांगितलं, असं मला म्हणायला आवडेल. पण ते प्रणालीनं स्वतःहून लिहिलं.

हिरामणच्या जबड्याचा तुकडा गेला. मग किरणांचा शेक घेतला, त्यात तोंड सोलवटून निघालं. शीलानं महिनेन् महिने भाकर दुधात कुस्करून भरवली. घरी सोडलं त्या दिवशी मी अंगठी परत केली, तर ती बोटातून घसरून खाटेखाली गेली. शीलानं तिला आतून लाल दोरा गुंडाळला. त्याचा गाल आत गेला आहे, बोलणं थोडं बोबडं येतं, पण माणूस आहे. त्याच्या दुकानात खर्रा तोंडात ठेवून आलेल्या गिऱ्हाइकाची गाडी तो हातात घेत नाही. आधी थुंकून ये म्हणतो, आणि गाल दाखवतो. दुकान बरं चालतं.

दर तपासणीला तो प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन मला विचारायचा, "उंदीर कसे हायेत?" मी निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात भाषणं झाली, शाल झाली. त्याचा फोन आला आणि त्यानं तेच विचारलं.

उंदीर बरे आहेत. प्रणालीची आता स्वतःची प्रयोगशाळा आहे, दुसऱ्या शहरात. काड्यांवरचा तो साबण आता जवळजवळ पुरता निघतो, लेप चांगला बसतो, चित्र पूर्वीपेक्षा स्वच्छ येतं. परदेशात सोन्याचे कण माणसांवर जपून वापरून पाहिले गेले आहेत, असं मॅडम सांगतात. आपल्याकडेही ते येईल. मला याची खात्री आहे, आणि ही खात्री त्या पंगतीतली नाही. आठवड्यातून एकदा मी अजून जाते, नव्या मुलींना भांडी धुवायला शिकवते. पहिल्या दिवशी त्यांना दोन्ही हात पुढे करायला लावते, शाळेत नखं तपासतात तसे. भिंतीवरचा कागद मी बदलला आहे. खाली एक ओळ वाढवली: "हे लिहिणारीनंच चूक केली होती."

यंदा तळेगावला पुन्हा एक लग्न होतं. जेवण झालं, हात धुवायच्या नळाशी गेले, तर भाचीची जाऊ मागून आली. तिशीतली असेल. आजूबाजूला पाहून पदर सावरत म्हणाली, "आत्या, तुमच्या तिथं थे सोन्यानं गाठ जाळतात म्हणे. मले सांगतलं कोणीतरी. कापा नाई लागत ना?"

कोणीतरी म्हणजे कोण, ते मला माहीत होतं. इतक्या वर्षांपूर्वीची माझी पंगत अजून गावात फिरत होती.

मी नळ बंद केला. "अजून नाई, बाई. अजून फकत उंदराले देतो. तुही गाठ कवापासून हाय?"

"दिवाळीपासून."

"दुखते?"

"नाई, मनून त थांबली."

"आता नोको थांबू. उद्या सकाळी वर्ध्याले ये. नऊ वाजता मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राह्यते. आधी तपासून त घेऊ, काय हाय ते."

तिनं मान खाली घातली. एकटी कशी येऊ, नवऱ्याला काय सांगू, असं काही तिच्या तोंडावर दिसत होतं. मागे हिरामण हात पुसत उभा होता. किती वेळ ऐकत होता कोण जाणे. त्यानं अंगठीचा दोरा ओला झाला का ते पाहिलं आणि तिला म्हणाला, "पह्यल्या एसटीनं जाऊ, पोरी. मी अन् शीला येतो तुह्यासंगं. मले तिथले सारे दरवाजे माहीत हायेत."

मग माझ्याकडे वळला. "बाई, तू फाटकाशी ये. अन् उंदरायले सांगजो, जरा घाई करा म्हणा."